मदत हवी आहे: जुनी ऑटोमॅटिक गाडी तापली की स्लिप होते, गिअरबॉक्स उतरवावा का?

नमस्कार मंडळी. आण्णांची (वडिलांची) 2010 ची पेट्रोल गाडी आहे, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे पायानं दाबायच्या क्लचऐवजी ऑईलमधून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग). 1,12,000 किलोमीटर झालेत. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही, त्यामुळं दुसरी गाडी त्यांना चालवता येत नाही.

सकाळी गार असताना कोल्हापुरात कसबा बावड्यातून रंकाळ्यापर्यंत गाडी झकास जाते. रविवारी जोतिबाला निघालो. चढाला दुसऱ्यातून तिसऱ्यात पडताना आरपीएम एकदम 4,000 वर, वेग मात्र 40 च्या पुढं सरकेना. दोन-तीन सेकंदांनी झटका देऊन गिअर पकडला. तेव्हापासून गाडी तापली की रोज हेच. रिव्हर्सला काही त्रास नाही.

मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणं इंजिन गरम करून, चालू ठेवून, सपाटीला डिपस्टिक पाहिली. एटीएफची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑईलची) पातळी खालच्या खुणेच्या जेमतेम वर. रंग तांबडा राहिलेला नाही, काळपट तपकिरी झालाय, वासही जळका. दुधाळ मात्र नाही, म्हणजे रेडिएटरमधून पाणी मिसळलेलं नसावं. हे ऑईल कधी बदलल्याचं आण्णांना आठवत नाही.

उद्यमनगरातल्या एका गॅरेजनं चक्कर मारली आणि 'प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवूया' म्हणून सांगितलं. प्लेटा म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्या. स्कॅनर लावला नाही, ऑईलचं प्रेशर मोजलं नाही. प्लेटा गेल्याही असतील, जळका वास तेच सांगतोय. पण तापल्यावर ऑईल पातळ होतं, झिजलेल्या सीलमधून निसटतं, प्रेशर पडतं आणि प्लेटा घट्ट दाबल्या जात नाहीत. फिल्टर चोंदला किंवा सोलेनॉइड (ऑईलची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) अडकला तरी असंच होऊ शकतं ना? मग सगळा गिअरबॉक्स खोलायची घाई कशाला?

माझा विचार असा: आधी स्कॅनरनं बिघाडाचे कोड वाचायचे, लाईन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑईलचं प्रेशर) मोजायचं, मग पॅन (गिअरबॉक्सखालचं ऑईलचं भांडं) उतरवून त्यातला धातूचा कीस धरणारा मॅग्नेट बघायचा. बारीक करडा लेप असेल तर ठीक, काळा गाळ किंवा चमकणारे तुकडे निघाले तर गिअरबॉक्स उतरवायचाच. यात काही चुकतंय का? पॅनमधून निम्मंसुद्धा ऑईल निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं. मग थोडं चालवून पुन्हा बदलावं का? मशीननं फ्लश करायची मला भीती वाटते.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा सांगलीकडं ऑटोमॅटिकला गेज लावून प्रेशर मोजणारा मिस्त्री कुणाच्या अनुभवातला असेल तर कृपया सांगा. चावी मी माझ्याकडं ठेवलीय. आण्णा रोज संध्याकाळी कव्हर काढून गाडी पुसतात आणि 'झालं का काम?' विचारतात.