दमट हवेत लाकडी नको

पहिला माउथ ऑर्गन कोणता घ्यावा, या प्रश्नावर पुण्याच्या एका मित्राने होनर कंपनीचा मरीन बँड सुचवलाय. वाजतो झकासच, पण त्याचा आतला सांगाडा लाकडी. आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत, त्यात श्वासातली वाफ, लाकूड फुगतं आणि कडा ओठांना टोचतात. त्यापेक्षा होनरचाच प्लास्टिक सांगाड्याचा स्पेशल २० घ्या, सी म्हणजे पेटीच्या पांढरी एक पट्टीचा. तेवढं बजेट नसेल तर ईस्टटॉप कंपनीचा १० भोकांचा चालेल. ट्रेमोलो म्हणजे थरथरत्या आवाजाचा प्रकार स्वस्त पडतो, पण त्यावर बेंडिंग, म्हणजे श्वासाने सूर वाकवणं, विसरा. सिनेमाची गाणी कोमल स्वरांसकट हवी असतील तर बटणवाला क्रोमॅटिकच, म्हणजे बटण दाबून मधले सूरही देणारा. तिथे मात्र पैसे साठेपर्यंत थांबा, स्वस्तातले बरेचदा हवा गळतात. आणि वडे-सागोती हाणून लगेच वाजवू नका हो, कण रीडमध्ये, म्हणजे आतल्या सूर काढणाऱ्या पातळ पट्ट्यांत, अडकतो! वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आपटा, मगच डबीत ठेवा.