'वाकांडा फॉरएव्हर' बघताना तुम्हाला कोण आठवलं?

'ब्लॅक पँथर'मध्ये वाकांडाचा राजा झालेला चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० रोजी गेला, ४३व्या वर्षी, आतड्याच्या कॅन्सरने. पुढचा भाग, म्हणजे हा सिनेमा, काढताना दिग्दर्शक रायन कूगलरने त्याच्या जागी दुसरा नट घेतलाच नाही; सिनेमातला राजाही गेला, असंच दाखवलं. नोव्हेंबर २०२२मध्ये थेटरात मार्व्हलचं नाव आलं, त्यात नुसता बोसमनच, आणि संगीत बंद. मागून एक जण "ए, आवाज!" ओरडला. पुढे अडीच तास गडी गप्प. तुमचे अनुभव लिहा.

---

माझ्यासाठी पहिली पाच मिनिटंच सिनेमा. राजाची बहीण शुरी लॅबमध्ये औषध बनवायच्या मागे, आणि आई येऊन सांगते की भाऊ गेला. एप्रिल २०२१मध्ये मी रेमडेसिविरच्या रांगेत होते. इंजेक्शन मिळालं, खोका घेऊन लिफ्टने वर आले, तर वहिनी जिन्यात बसलेली. तिला काही विचारावंच लागलं नाही.

---

मला लांबलचक वाटला. ती अमेरिकेतली हुशार पोरगी रीरी कशाला घुसडली? समुद्राखालचा राजा नेमोर मात्र आवडला. आईला तिच्या मुलखात पुरायला तो पहिल्यांदा जमिनीवर येतो, तेवढं लक्षात राहिलं.

---

आईबरोबर टीव्हीवर पाहिला. "यांच्यातही पांढरंच का गं?" मग अंत्ययात्रेत ढोल आणि नाच सुरू झाला, तेव्हा वाटलं आता नाक मुरडणार. तर म्हणाली, "आमच्या आण्णांना भजनी मंडळाने टाळ-मृदंगात नेलं होतं. मी रडले नव्हते, गात होते." आण्णा म्हणजे माझे आजोबा. हे मला चाळिशीत कळतंय!

---

ब्लॅक पँथरचा पोशाख चढवण्याआधी शुरी ती ताकद देणारी वनस्पती पिते; ती प्यायल्यावर गेलेलं माणूस भेटतं, आणि तोवर तिची आईही गेलेली. आई दिसेल अशी आशा, आणि समोर येतो किलमाँगर. तो भावाचं राज्य बळकावणारा चुलतभाऊ. लोकांना हे खटकलं, मला नाही. बाबा गेल्यावर छापखाना माझ्याकडे आला. बाबा उधारी मागायला लाजायचे. काका गिऱ्हाइकाच्या दारात खुर्ची टाकून बसायचा, त्यावरूनच दोघं वेगळे झाले. पहिल्या दिवाळीत लग्नपत्रिकांचे पैसे थकले, तेव्हा मी एका दारात गेलो. समोरचा म्हणाला, "उद्या या."

मी खुर्ची मागितली.