'फीबल-माइंडेड'साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड स्टेट स्कूलवर लेख लिहितोय. सॅम्युअल हाउ यांनी १८४८ साली सुरू केलेली ही संस्था २०१४ मध्ये बंद झाली. तिच्या जुन्या नावांत आधी 'इडियटिक', मग 'फीबल-माइंडेड' येतं. हे शब्द लिहायला हात धजत नाही. सगळीकडे 'बौद्धिक दिव्यांग' लिहू का?

उत्तर : आजच्या माणसांबद्दल जरूर लिहा. जुन्या नावांत मात्र नको. 'फीबल-माइंडेड' हा शिक्का होता. १९१० मध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी त्यातल्याच आठ ते बारा वर्षांचं 'मानसिक वय' ठरलेल्यांसाठी ग्रीकवरून 'मोरॉन' शब्द घडवला, आणि केवळ अनाथ किंवा गरीब असलेल्या कित्येक मुलांनाही तो चिकटवून फर्नाल्डमध्ये ठेवलं. ती मुलं दिव्यांग नव्हतीच. तुम्ही 'दिव्यांग' लिहिलंत तर त्यांच्यावरचा अन्यायच पुसला जाईल. मी 'मंदबुद्धी' वापरेन, अवतरणचिन्हांत.

प्रश्न : मग 'मतिमंद' का नको? अर्थ तोच.

उत्तर : अर्थ तोच, पण वाट वेगळी. 'मतिमंद मुलांची शाळा' ही पाटी आपल्याकडे अनेक ठिकाणी पालकांनी आणि शिक्षकांनी कळवळ्याने लावली. माझा धाकटा भाऊ अशाच पाटीखालून रोज जायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. आज तो शब्द बोचतो, मीही टाळते. तरी फर्नाल्डचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

खरी अडचण 'स्टेट स्कूल'ची आहे. 'सरकारी शाळा' लिहिलंत तर वाचकाला झेडपीची शाळा दिसेल. हाउ यांना मुलांना शिकवून घरी पाठवायचं होतं. अशा लोकांना मोठ्या संस्थांत एकत्र कोंडू नका, असं त्यांनी १८६६ मध्ये बजावलंही होतं. पुढे नेमकं तेच झालं. कितीतरी जणांची ही शाळा कधी सुटलीच नाही. 'स्टेट स्कूल' तसंच ठेवा आणि एका वाक्यात उलगडून सांगा.

प्रश्न : आणि 'सायन्स क्लब'?

उत्तर : 'विज्ञान मंडळ'. १९४६ ते १९५३ या काळात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या मुलांना किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम मिसळलेला नाश्ता दिला, तो याच मंडळाच्या नावाखाली. बेसबॉलचे सामने बघायला मिळतील म्हणून मुलं हौसेने त्यात गेली. नाव मराठीतही तितकंच गोड वाटू द्या. मुलांच्या कानावर ते तसंच पडलं होतं.