बीएस्सी करता करता मेडिकल रिसर्च लॅबमध्ये काम कसं मिळेल? (जळगाव-धुळे)

यावलकर:
जळगावला बीएस्सी मायक्रो, दुसरं वर्ष. रोज एसटीने अप-डाऊन. लॅबच्या कामाची हाताला सवय व्हावी म्हणून विचारतोय, पैसे नको. पाच सरांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. आयसीएमआरचं (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची छोट्या संशोधनाची योजना, भरू का?

धुळ्याची_ताई:
एसटीएस एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी असतं, सोड. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप बघ, दोन महिन्यांची असते, विद्यावेतनही मिळतं. पाचही सरांना एकच मेल चिकटवलास ना? त्यापेक्षा डिपार्टमेंटला जा आणि पीएचडी करणाऱ्या कुणाला तरी गाठ. हात कमी पडतात ते त्यांनाच.

मी अशीच एका लॅबमध्ये शिरले, तर पहिले तीन आठवडे नुसत्या काचा धुतल्या. मग पिपेट (द्रव मोजून ओढायची बटणाची नळी) हातात आलं, तर माझं एकही रीडिंग जुळेना. पीएचडीवाल्या दीदीने काट्यावर बीकर ठेवलं, म्हणाली १००० मायक्रोलिटर पाणी सोड. १ ग्रॅम भरायला हवं होतं, माझं १.०६! मी द्रव ओढतानाच बटण तळापर्यंत दाबत होते. बटण दोन टप्प्यांत दबतं: ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं, दुसरा टप्पा फक्त शेवटचा थेंब झटकायला. हे प्रॅक्टिकलच्या कुठल्याच जर्नलमध्ये लिहून घेतलं नव्हतं.

सातपुड्यापलीकडचा:
आमच्या नंदुरबारकडे ये की भो. सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) काम इथे भरपूर. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, पण तपासणी आमच्याकडे त्याआधीपासून होती. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये, म्हणजे पहिल्या झटपट चाचणीत, नमुना गढूळ दिसला तरी माणूस नुसता वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) आहे की रुग्ण, ते कळत नाही. त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी. ती मशीन तुझ्या हातात कोणी देणार नाही. तुझ्याकडे येणार लेबलं. एका पाड्यावर एकाच नावाचे चार वसावे निघतात, म्हणून नंबर, वडिलांचं नाव, पाडा, सगळं लिहायचं. मी एकदा लेबल ट्यूबऐवजी झाकणाला लावलं. झाकणं उघडली, अदलाबदल झाली, अकरा जणांचं रक्त पुन्हा घ्यायला घाटातून परत जावं लागलं. एक आजी माझ्याशी बोललीच नाही.

धुळ्याची_ताई:
आणि रक्ताला हात लावण्याआधी हिपॅटायटिस बीची लस. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, आजच चालू कर.

यावलकर:
सोमवारी डिपार्टमेंटला जातो. एसटी साडेनऊला टेकते, चालेल ना?

धुळ्याची_ताई:
चालेल. दीदी लोक अकराशिवाय येत नाहीत.