मदत हवी आहे : रामनदीकाठचा झरा कसा वाचवावा?

सप्रेम नमस्कार. पुणे परिसरातल्या भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असा प्रवास करून औंधजवळ मुळेला मिळणाऱ्या रामनदीच्या काठी आम्ही काही शेजारी दर रविवारी सफाई करतो. बावधनच्या बाजूचा एक झरा ऐन मे महिन्यातही वाहता असतो. तोंडाशी साचलेला गाळ हाताने सारला की तळाची वाळू हलताना दिसते, आणि तिथून दोन हात अंतरावर सांडपाण्याचा काळा ओघळ. आता तिथे राडारोडा पडू लागला आहे. झऱ्याचे पाझरक्षेत्र, म्हणजे जिथे मुरलेले पाणी झऱ्याला मिळते तो भाग, कसे ओळखावे, आणि काठ धरून ठेवणारी करंज, उंबर, वाळुंज यांची रोपे पुरात तग धरतील अशी कशी लावावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. सिमेंटची भिंत नको, तिने झराच बुजेल.