काट्याचं टेअर मेसेजमध्ये आहे, मेथडमध्ये मात्र ० येतंय

धरणगाव_काटा:
राम राम मंडळी. जिनिंगच्या भुईकाट्याला जोडलेली सोप सर्व्हिस (एक्सएमएल मेसेज घेणारी वेब सर्व्हिस) मी सांभाळतो, जावा ८ वर. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर चढली की काट्याचं सॉफ्टवेअर (ते दुसऱ्याने लिहिलंय) तीन गोष्टी पाठवतं: गाडी, ग्रॉस (भरलेल्या गाडीचं वजन), टेअर (रिकाम्या गाडीचं वजन). माझ्या मेथडला तेच तीन पॅरामीटर. गाडी स्ट्रिंग, बाकी दोन डबल. टेअरचा पॅरामीटर याच हंगामात जोडला.

काल एक पिकअप आली. ग्रॉस ३०२०, टेअर १७२०, म्हणजे कापूस १३ क्विंटल. पावतीवर नेट ३०२० छापलं! लॉगमधला मेसेज उघडला तर १७२० स्वच्छ दिसतंय. एरर नाही, वॉर्निंग नाही. ब्रेकपॉइंट लावला: गाडी बरोबर, ग्रॉस बरोबर, टेअर ०.०. शेतकरी स्वतःच पावती घेऊन परत आला म्हणून कळलं. रात्रभर झोप नाही. आकडा जातो कुठे?

भुसावळकर:
तिसऱ्या पॅरामीटरवर @वेबपॅरम (मेसेजमधलं नाव ठरवणारी खूण) लावलंय का?

धरणगाव_काटा:
नाही. पहिल्या दोघांवर आहे. पण पॅरामीटरचं नाव टेअरच ठेवलंय ना?

शिरपूरची_ताई:
भाऊ, मनासंगे बी असंच व्हयनं व्हतं. दूध संकलनाची सर्व्हिस होती, फॅटचा आकडा ० यायचा.

तुम्ही जावात ठेवलेलं नाव जॅक्स-डब्ल्यूएसला (सोप सर्व्हिस चालवणारी जावाची यंत्रणा) दिसतच नाही. नेहमीच्या कंपाइलमध्ये पॅरामीटरची नावं रिफ्लेक्शनसाठी (चालू प्रोग्रामने कोडची रचना वाचण्यासाठी) उरत नाहीत, म्हणून @वेबपॅरम नसेल तर ते मोजून नाव देतं: आर्ग०, आर्ग१, आर्ग२. तुमची डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन असलेली फाइल) उघडा, तिसरा घटक "आर्ग२" दिसेल. काट्यावाल्याने ती वाचलेली नसणार, फोनवर ठरलेलं नाव स्ट्रिंग जोडून पाठवत असणार.

आता मेसेज आल्यावर काय होतं ते बघा. डॉक्युमेंट/लिटरल रॅप्ड पद्धतीत बाहेरचा घटक म्हणजे मेथड आणि आतला प्रत्येक घटक म्हणजे एक आर्ग्युमेंट. आतले घटक एकेक वाचले जातात, नेमस्पेस (नाव कोणत्या गटातलं ते सांगणारी ओळख) आणि नाव मिळून जोडी जुळली तरच मूल्य अनमार्शल होऊन, म्हणजे एक्सएमएलमधून जावात उतरून, आपल्या जागी बसतं. जुळलं नाही की घटक गुपचूप ओलांडला जातो. रिकामी राहिलेली जागा स्ट्रिंग असेल तर नल (काहीच नाही), डबल असेल तर ०.०. तुमचं टेअर तिथेच गळालं.

म्हणून @वेबपॅरम(नेम="टेअर") लावा, आणि डबल प्रिमिटिव्ह (नल धरू न शकणारा साधा प्रकार) ठेवूच नका, रॅपर (नल धरू शकणारा प्रकार) घ्या. मग न आलेलं वजन नल दिसेल, तिथेच फॉल्ट (सोपचा एरर) फेका. जिथे पैसे वजनावर ठरतात तिथे "आलं नाही" आणि "शून्य आलं" एक होता कामा नये.

भुसावळकर:
एक भर. स्कीमामध्ये (मेसेजचा ठरलेला साचा) प्रिमिटिव्ह डबलचा घटक अनिवार्यच लिहिला जातो, पण येणारा मेसेज स्कीमाशी ताडून पाहणं मुळात बंद असतं. मेट्रो (जॅक्स-डब्ल्यूएसची एक अंमलबजावणी) वापरत असाल तर क्लासवर @स्कीमाव्हॅलिडेशन लावा, असा मेसेज दारातच अडेल. रॅपर घेतलात तर तो घटक ऐच्छिक होतो, तेव्हा नलची तपासणी हातानेच लिहा.

धरणगाव_काटा:
ताई, आर्ग२ च होतं. नाव लावलं, टेअर आलं. पण काट्यावाल्याने दुपारी नवी आवृत्ती टाकली आणि आता तिन्ही नल! फॉल्ट पडतोय, म्हणून चुकीची पावती तरी निघत नाही.

शिरपूरची_ताई:
बाहेरच्या घटकावर नुसतं एक्सएमएलएनएस= टाकलंय का, प्रीफिक्सशिवाय?

धरणगाव_काटा:
हो! आधी डब्ल्यू: होतं.

शिरपूरची_ताई:
मग तो नेमस्पेस आतल्या मुलांनाही लागला. रॅप्डमध्ये @वेबपॅरमचा टार्गेटनेमस्पेस दिला नाही तर आतल्या घटकांचा नेमस्पेस रिकामा धरतात, म्हणून जोड्या तुटल्या. त्यांना प्रीफिक्स परत लावायला सांगा. तुमच्याकडे टार्गेटनेमस्पेस बदलू नका, डब्ल्यूएसडीएल बदलेल आणि बाकीचे काटे अडतील.

धरणगाव_काटा:
प्रीफिक्स आला, तिन्ही आकडे बसले. कालच्या पिकअपची पावती १३०० ची करून शेतकऱ्याच्या हाती दिली. आज रात्री लॉगमधले या हंगामाचे सगळे मेसेज पावत्यांशी ताडून बघतोय.