चुन्नांना कायद्याचं संरक्षण हवं का?

पेडणेकर: गोव्यातल्या मोप्याचा सडा (जांभ्या दगडाचं पठार) विमानतळाखाली गेला. बाकीच्या सड्यांवर चिरेखाणी आणि प्लॉट. त्यात चुन्नांची (बोराच्या जातीच्या रानफळाची) जाळी पहिली जाते, कारण पोकलेनवाल्याच्या लेखी ते नुसतं काटेरी रान. गोव्याचा 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा खोडाची जाडी आणि उंची बघतो. बुंध्यापासूनच फाटे फुटलेल्या झुडपाला तिथे कोण विचारतो? सरकारने चुन्नां संरक्षित जाहीर करावीत, असं माझं स्पष्ट मत.

म्हापशेकर: कशाला? श्रीलंका, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, थेट दक्षिण चीनपर्यंत उगवतं ते. सह्याद्रीत तर पायलीला पन्नास. संरक्षण द्यायचंच तर दीपकाडीला (कंदातून उगवणारं रानफूल) द्या, ती कोकण-गोव्याचे सडे सोडून जाणार कुठे?

सत्तरीकर: मीही विरोधात, पण कारण वेगळं. संरक्षित म्हटलं की फॉरेस्टवाला पहिला कोणाला अडवणार? चैत्रात पानांच्या द्रोणांत चुन्नां आणि करवंदं घेऊन बाजारात बसणाऱ्या बायांना. पोकलेनवाल्याकडे परवाना असतोच.

पेडणेकर: बायांचा मुद्दा मान्य, काढणीला सूट ठेवायलाच हवी. पण म्हापशेकर, पसाऱ्याचं गणित मला पटत नाही. चुन्नांच्याच कुळातला युरोपचा बकथॉर्न कुंपणाला म्हणून अमेरिकेत नेला. आज तो तिथली रानं गिळतोय, मिनेसोटात त्याच्या विक्रीवरही बंदी आहे. तीच वनस्पती युरोपात घरची, अमेरिकेत उपद्रवी. म्हणजे ती ती जमीन बघूनच ठरवायला हवं ना? व्हिएतनामातल्या चुन्नांवर पेडण्यातला कांडेचोर (उदमांजर) जगत नाही.

रानमेवा: लडाखच्या सीबकथॉर्नला 2023 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. आपणही चुन्नांचा रस काढून विकला तर लोक स्वतःच जाळी राखतील.

म्हापशेकर: नावावर जाऊ नका, सीबकथॉर्न वेगळ्याच कुळातलं. शिवाय त्याचं फळ रसाळ. चुन्नात बी आणि पिठूळ गर, बाटलीत भरणार काय?

सत्तरीकर: 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीत समिती असते. तिच्या नोंदवहीत सर्व्हे नंबरसकट जाळी लिहून घ्या. जमीन रूपांतराला हरकत घेताना हातात काहीतरी कागद लागतो. बायांनाही त्रास नाही.

म्हापशेकर: आणि नोंदवही कपाटात! माडाचं आठवतं ना? 2016 मध्ये वृक्षसंरक्षण कायद्यातून वगळला, लोक ओरडले म्हणून 2017 मध्ये परत घेतला. कागदाने नव्हे.

पेडणेकर: मग ओरडू या की. पुढच्या ग्रामसभेत मी विषय घालतो. तुमच्या भागातल्या जाळींचे सर्व्हे नंबर असतील तर इथे टाका. म्हापशेकर, दीपकाडीचेही चालतील.